दोन देशांच्या रेघा आणि निळेश्वराचा डोह

माशाला हात न लावता मासळीच्या कचेरीत जन्म काढलेला माणूस मी एकच पाहिला, आमचा रामलिंगअप्पा. सेलूच्या पुढे दुधना नदीच्या काठी खडकी नावाचं गाव आहे, तिथल्या निळेश्वराच्या पुजाऱ्याचा हा मुलगा. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळावर भस्म, सोमवारी घरात कांदासुद्धा चिरायचा नाही. आणि नोकरी काय मिळाली, तर परभणीच्या एका कचेरीत मासळी मोजणाऱ्या कारकुनाची. तळ्यावर, नदीवर जायचं, भोयांनी काढलेली मासळी काट्यावर घालायची आणि आकडा परभणीला आणायचा. मी, पंडित, त्याच्या हाताखालचा शिपाई. आम्ही बौद्ध, आमच्या घरात माशाचं कालवण झालं की शेजारीसुद्धा वाटी घेऊन यायचे, त्यामुळे मला काही अडचण नव्हती. पंडित मासे उचलतो आणि पुजारी मासे मोजतो, असं म्हणून भोई हसायचे. आम्हीही हसायचो.

हात न लावण्याची अट त्याच्या आईची. नीलम्मा तिचं नाव, पण सगळं गाव तिला अव्वाच म्हणायचं. नोकरीचा हुकूम आला तेव्हा ती म्हणाली होती, "पोटासाठी करायलास तर कर बाबा. पर जिवाला हात लावू नको. मेलेल्याबी न्हाई." तेव्हापासून रामलिंगअप्पा नाकाला कापराचा रुमाल लावून उभा राही, मी मासे काट्याला टांगी आणि तो हातभर अंतरावरून काटा वाची. शनिवारी गावी जाताना सेलूच्या स्टेशनवरच्या नळाखाली अंघोळ करी आणि मगच घराची वाट धरी. मी चिडवायचो, "अप्पा, वास अंगाला न्हाई, तुमच्या आकड्याला लागलाय. तो कसा धुणार?" तो चिडायचा नाही. "आकडा खरा असला की त्याला वास येत न्हाई," एवढंच म्हणायचा.

आणि आकडा त्याचा खराच असे. काट्यावर चढलं तेच लिहायचं, पावशेर इकडे नाही की तिकडे नाही. त्या काळी, त्या कचेरीत, ही एक प्रकारची विकृतीच होती.

आमचे साहेब किशनराव. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फोडाल. त्यांना नाद एकच होता. खुर्चीमागच्या भिंतीवर त्यांनी चौकटी आखलेला एक मोठा कागद लावला होता आणि त्यावर दोन रेघा काढल्या होत्या. लाल रेघ आपल्या देशात गोड्या पाण्यात निघणाऱ्या मासळीची, हिरवी रेघ शेजारच्या देशाची. त्या हिरव्या रेघेपाशी आधी पूर्व पाकिस्तान असं लिहिलेलं होतं. बहात्तर साली साहेबांनी ते खोडून वर बांगलादेश लिहिलं आणि त्या दिवशी कचेरीत पेढे वाटले. वरून कुठून कुठून आकडे यायचे, साहेब पट्टी घेऊन दर वर्षाचा एकेक ठिपका द्यायचे आणि ठिपक्याला ठिपका जोडायचे.

"एवढासा देश," साहेब चिमूट करून दाखवायचे, "आणि मासळी बघा! आपल्या बरोबरीला येऊन बसतो. आपल्याकडे नद्या नाहीत? तळी नाहीत? मग मासा जातो कुठे?"

हे ते रामलिंगअप्पाकडे बघून विचारायचे, जणू अप्पाच मासे धोतरात लपवून बसला होता. परभणीचा आकडा त्या लाल रेघेत म्हणजे दर्यात खसखस. पण साहेबांना वाटायचं, खसखस का असेना, आपली आहे.

आता डोहाचं सांगतो. निळेश्वराच्या पायऱ्या खाली दुधनेत उतरतात, तिथे नदीने खडक कोरून खोल डोह केलेला आहे. खडकाच्या पोटात कपारी आहेत आणि त्या कपारींत मासे राहायचे. हातभर लांबीचे, काळ्या पाठीचे, काहींच्या तोंडावर म्हातारपणाचे पांढरे चट्टे. देवाचे मासे म्हणून त्यांना कोणी धरत नसे. निजामाच्या अमलात एका फौजदाराने तिथे गळ टाकला होता आणि त्याची घोडी त्याच रात्री मेली, असं गाव सांगायचं. खरं-खोटं देव जाणे. पण भोयांनीही तो डोह पिढ्यान्‌पिढ्या सोडलेला होता, आणि त्यात नुसती भीती नव्हती, हिशेब होता. उन्हाळ्यात नदी आटली तरी डोहात हे मासे तगायचे, पाऊस पडला की त्यांचीच पिलं नदीभर व्हायची आणि खाली कोस दोन कोसपर्यंत भोयांची जाळी भरायची.

दर सोमवारी अव्वा पूजा आटोपून देवळाची घंटा वाजवायची, थांबून थांबून, आणि कणकेचे गोळे घेऊन शेवटच्या पायरीवर बसायची. पाण्यावर तळहाताने थापट्या मारून हाक द्यायची, "या रे माझ्या लेकरांनो." मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. कपारींतून काळ्या पाठी वर आल्या, तिच्या हाताशी तोंडं उघडून लागल्या, आणि ती एकेकाच्या तोंडात गोळा घालायला लागली. तिला तोपर्यंत मोतीबिंदू झाला होता, उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. माशांच्या तोंडाचा चपचप आवाज ऐकून ती त्यांना ओळखायची. "हा थोरला. ही दांडगट हाय, दुसऱ्याचं खाती." मला म्हणाली, "पंड्या, तुझ्या तोंडाला पानी सुटलं असंल, मला ठाव हाय. बघायचं, पर धरायचं न्हाई." मला खरंच पाणी सुटलं होतं.

एकाहत्तर साली पाऊस रडतखडत पडला. बहात्तर साली पडलाच नाही. त्या दुष्काळाबद्दल लिहिणाऱ्यांनी पुष्कळ लिहिलं आहे, मी एवढंच सांगतो की आमच्या कचेरीत त्या वर्षी मासळीचा आकडा वर गेला.

तुम्हाला नवल वाटेल, मलाही वाटलं होतं. पण तळं आटत आटत डबक्याएवढं झालं की सगळे मासे त्या डबक्यात दाटीवाटीने येतात. जाळंही नको, टोपलीने उपसा. बोरीकडच्या तळ्यावर आम्ही गेलो तेव्हा बायका लुगड्याच्या पदराने मासे गोळा करत होत्या. बोटभर पिलंसुद्धा काट्यावर आली. रामलिंगअप्पाने आकडा लिहिला आणि रुमाल नाकावरून काढला. वास घ्यायलाही त्याच्यात त्राण राहिलं नव्हतं.

"पंडित," तो म्हणाला, "ही मासळी न्हाई रे. हे तळ्याचं बियाणं मोजायलोय आपन."

परभणीला साहेब मात्र खुशीत होते. बांगलादेशच्या युद्धात नावा बुडाल्या, जाळी जळाली, माणसं पळाली. त्यामुळे की काय, साहेबांच्या कागदावर हिरवी रेघ एकदम खाली उतरली होती. आणि लाल रेघ, सगळीकडेच तळी आटली असतील तर कोण जाणे, वर चालली होती. साहेब पट्टी हातात धरून म्हणाले, "रामलिंगअप्पा, बघा, गाठलं की नाही आपण त्यांना!"

रामलिंगअप्पाने जवळ जाऊन कागद बघितला. मग म्हणाला, "साहेब, तिकडंबी कुणीतरी काटा धरून उभा ऱ्हात असंल की."

"असेल ना."

"त्या साली तो काय मोजत असंल?"

साहेबांनी पट्टी टेबलावर ठेवली. त्यांनी चहा मागवला. मला त्या दिवशी राग आला होता, साहेबांचा नव्हे, त्या कागदाचा. एका देशाची रेघ माणसं मेली म्हणून खाली आली आणि दुसऱ्याची पाणी मेलं म्हणून वर गेली, आणि कागद दोघांनाही सारखाच चौकटीत बसवून मोकळा.

मार्च-एप्रिलपर्यंत दुधनेचं पात्र म्हणजे नुसती वाळू झाली. निळेश्वराचा डोह तेवढा राहिला, तोही पायऱ्यांच्या खूप खाली गेलेला. रामलिंगअप्पाला त्या उन्हाळ्यात एकच गोष्ट हवी होती. डोह मृगापर्यंत टिकावा. मृगाचा पाऊस पडेस्तोवर तेवढे मासे जगले तर नदी पुन्हा उभी राहील, नाहीतर संपलं. दर शनिवारी तो गावी जाऊन डोहात काठी खुपसून पाणी बघायचा. सोमवारी कचेरीत आला की मी त्याच्या तोंडाकडे बघूनच ओळखायचो, आठवड्यात डोह किती उतरला ते.

आणि मग वैशाखात आश्रुबा कचेरीत आला. आश्रुबा खडकीच्या भोयांचा म्होरक्या, साठीचा, अंगाने ताडमाड, पण त्या वर्षी त्याच्या बरगड्या सदऱ्यातून मोजता येत होत्या. गावाने चावडीत बसून ठरवलं होतं, डोहातले मासे उपसायचे. भोयांची जुनी जाळी कपारीत टिकणार नाहीत, म्हणून तो कचेरीचं नवं नायलॉनचं मोठं जाळं मागायला आला होता.

रामलिंगअप्पाने त्याला व्हरांड्यात गाठलं. "आश्रुबा, तुमच्या आज्यानं पाळलेला डोह हाय तो."

"हाय की."

"मृगाला किती दिवस ऱ्हायले?"

"अप्पा," आश्रुबा खाली बसला, "मानसं सडकंवर खडी फोडायलेत. सांच्याला सुकडी मिळती, ती लेकरायला. तो रेशनचा लाल मिलो, ती परदेशी ज्वारी खाऊन माझ्या सुनंला दूध येईना झालंय, नातू चोखून चोखून रडायलाय. तुमी मला म्हना, आश्रुबा, ऱ्हाऊ दे. मी ऱ्हाऊ देतो. आईची आन, जाळं हिथंच ठिवून जातो. म्हना तुमी."

रामलिंगअप्पाला म्हणता आलं नाही.  मी दारात उभा होतो, मलाही वाटत होतं त्याने म्हणावं, आणि म्हणू नये असंही वाटत होतं. असा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये.

मग तो साहेबांकडे गेला. साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. "तुमचं दुःख मला कळतं. पण पाणी आटलं की ते मासे मरणारच आहेत. कुजून वाया जाण्यापेक्षा माणसांच्या पोटात गेले तर काय वाईट? आणि कुजलेला मासा आकड्यातही येत नाही." हे शेवटचं ते बोलून गेले आणि स्वतःच ओशाळले. पण जाळं दिलं. मोजायला अर्थात आम्ही दोघंच जाणार होतो.

गाडीत रामलिंगअप्पा एकदाच बोलला. "अव्वाला कसं सांगू?" मी म्हटलं, सांगून टाका, आज ना उद्या कळणारच. तो म्हणाला, "तिच्यानं सोसायचं न्हाई रे. ती त्यायला लेकरं म्हनती." गावानेही तेच ठरवलं होतं, म्हातारीच्या कानावर घालायचं नाही. अख्खं गाव उपाशी, पण एका म्हातारीपासून गोष्ट लपवायची म्हटल्यावर सगळ्यांचं एकमत झालं. आमच्या लोकांची ही खोड जुनी आहे. ज्याचं दुखणार त्यालाच तेवढं सांगायचं नाही.

घरी पोचल्यावर अव्वा म्हणाली, "डोहाकडं मानसं कशाची गोळा व्हायलीत रे?"

"गाळ काढायलेत अव्वा. दुष्काळी काम निघालंय." रामलिंगअप्पा तिच्याकडे न बघता म्हणाला. जन्मात पावशेराचा आकडा न वाकवलेला माणूस, पण हे त्याच्या तोंडून सरळ निघालं.

अव्वाचा चेहरा उजळला. "गाळ काढायलेत? लय पुन्याचं काम! पानी वाढंल मग डोहाचं." आणि मला गुळाचा खडा दिला.

पहिल्या दिवशी जाळं कपारीत अडकून फाटलं. दुसऱ्या दिवशी भोयांनी बांबूने कपारी ढोसल्या, पाणी गढूळ झालं, मासे आणखी आत शिरले. जाळ्यात आली ती चार-दोन मरळ आणि एक वाम. बायकापोरं काठावर भांडी घेऊन बसलेली, ती रिकाम्या हाताने उठून गेली. त्याच रविवारी दुपारी दक्षिणेकडे ढग दिसले. काळे नव्हते, पण ढग होते. आश्रुबा कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "आता ह्या कपारी काय सोडत न्हाईत त्यायला. उद्या येक डाव बघू, मग जाळं परभनीला वापस." रामलिंगअप्पा माझ्याकडे बघून हसला. किती महिन्यांनी हसला असेल तो. रात्री जेवायला बसला तर भाकरीचा दुसरा चतकोर मागून घेतला. लोक उपाशी राहिले म्हणून तो हसला असं कोणी समजू नये. त्याला दोन्ही हवं होतं, लेकरंही जगायला हवी होती आणि मासेही. तसं होणार नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

दुसरा दिवस सोमवार. हे आमच्या दोघांच्याही ध्यानात कसं आलं नाही, ते मला आजही उमगत नाही. जाळ्याच्या आणि ढगांच्या नादात आम्ही वार विसरलो होतो.

सकाळी भोयांनी डोहाच्या तोंडाशी सांधलेलं जाळं लावलं, दोन्ही टोकांना माणसं उभी केली. मी काटा तीन बांबूंच्या तिकाटण्याला टांगत होतो. आणि वर देवळात घंटा वाजली. थांबून थांबून, नेहमीसारखी.

रामलिंगअप्पा मान वर करून बघतच राहिला. पायऱ्यांवरून अव्वा उतरत होती, हाताने भिंत चाचपत, लुगड्याच्या ओच्यात काहीतरी घेऊन. कणीक त्या वर्षी कुठून येणार? आपल्या वाट्याच्या मिलोच्या भाकरीतून तिने अर्धी काढून कुस्करली होती आणि पाण्यात मळून गोळे केले होते.

"कोन हाय? रामलिंगा?"

"अव्वा, आज नको," तो पुढे धावला. "आज जा घरी."

"का रे?"

काठावर पन्नास माणसं असतील. एकाच्याही तोंडातून आवाज निघाला नाही.  आश्रुबा जाळ्याची दोरी हातात धरून मान खाली घालून उभा होता. खरं सांगितलं असतं तर ती तिथेच बसली असती, पाण्याच्या आणि जाळ्याच्या मधे, आणि तिला उचलायची कोणाची छाती झाली नसती. रामलिंगअप्पाला हे कळत होतं. पण त्याच्या समोर आश्रुबाची सून लेकरू छातीशी धरून बसली होती.

"चिखल लय हाय," तो कसाबसा म्हणाला.

"असू दे. गाळाच्या कामानं भेदरलेत बिचारे. काल राती माझ्या डोळ्याला डोळा न्हाई. खाऊ घालते म्हंजी धीर यील त्यायला. हात दे मला."

आणि त्याने हात दिला. काय करणार होता तो? आईने हात मागितला, मुलाने दिला. चिखलातून तिला धरून धरून पाण्यापर्यंत नेलं. ती उकिडवी बसली, पाण्यावर थापट्या मारल्या आणि हाक दिली, "या रे माझ्या लेकरांनो, या."

आम्ही दोन दिवस जाळ्याने, बांबूने झटत होतो तेव्हा न हललेले मासे, ते आले. आधी एक काळी पाठ, मग चार, मग सगळा डोह हलायला लागला. भुकेलेलेच होते तेही. ते तिच्या हाताशी गोळा झाले, चपचप करायला लागले, आणि ती म्हणत होती, "हा थोरला. आली गं दांडगट आली." तिच्या मागून जाळं हळूहळू आवळत गेलं. कोणी ओरडलं नाही, कोणी आरोळी दिली नाही.  जाळं घट्ट झालं तेव्हा पाणी एकदम उसळलं, अव्वाचं लुगडं भिजलं, तोंडावर शिंतोडे आले.

"आज लय आलेत रे," ती हसून म्हणाली.

"व्हय अव्वा. लय आलेत."

तो तिला वर घेऊन गेला, ओटीवर बसवलं आणि परत आला. काट्यापाशी उभा राहिला. रुमाल लावला नाही. मी एकेक मासा टांगत होतो आणि तो वाचत होता. एकाच्या तोंडावर पांढरे चट्टे होते आणि ओठाला अजून तांबडं पीठ चिकटलेलं होतं. तो मासा निसटून चिखलात पडला, तेव्हा रामलिंगअप्पा वाकला आणि त्याने तो दोन्ही हातांनी उचलून माझ्याजवळ दिला. माशाला हात लावलेला मी त्याला तेव्हाच पाहिला.

आकडा किती झाला ते मी सांगत नाही. गावाने चार दिवस खाल्लं. मीही खाल्लं, खोटं कशाला बोलू? आश्रुबाचा नातू जगला, पुढे त्याची पैलवानासारखी तब्येत बघून मला बरं वाटायचं. ढगांतून काही पडलं नाही ते नाहीच. पाऊस आला तो मृगाच्या शेवटी, आणि असा आला की दुधना दोन्ही थड्या भरून वाहिली.

त्या सालाचा ठिपका साहेबांनी दिला तेव्हा लाल रेघ वर गेलेली होती. त्यांनी पेढे मागवले, आणि रामलिंगअप्पाच्या हातावर पेढा ठेवताना त्याच्या तोंडाकडे बघून त्यांचा हात तसाच राहिला. "अप्पा," ते म्हणाले, "आपला एकट्याचा त्यात कितीसा वाटा?" सांत्वन करायला म्हणाले असतील. रामलिंगअप्पाने पेढा माझ्या हातात दिला आणि तो आपल्या टेबलाशी जाऊन बसला. पुढच्या वर्षी आमच्या जिल्ह्याचा आकडा आपटला, तेव्हा साहेबांनी विचारलं, असं कसं? पुन्हा मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

त्या पावसानंतर डोह भरला, पहिल्यासारखा पायऱ्यांपर्यंत आला. वरून वाहून आलेली पिलंही त्यात असतील. पण घंटा ओळखणारा एकही मासा उरला नव्हता. पहिल्या सोमवारी अव्वाने घंटा वाजवली, थापट्या मारल्या, हाक दिली. पाणी निवांत.

"आले का रे?"

"आले," रामलिंगअप्पा म्हणाला.

"आवाज न्हाई येत."

तेव्हा त्याने पायरीवरचा एक खडा उचलून हळूच पाण्यात सोडला. मग दुसरा. तिथून पुढे त्याचा हा नेमच झाला. बदलीची आलेली संधी त्याने सोडली, लग्नाचं वय गेलं तरी कोणाला हो म्हणाला नाही. आठवडाभर जिल्ह्यातली मासळी मोजायची, आणि सोमवारी उशिरा येण्याची परवानगी साहेबांकडून काढून खडकीला थांबायचं, आईच्या शेजारी बसून पाण्यात खडे टाकायचे. मी एकदा चिडलो. म्हटलं, "अप्पा, किती वर्षं हे नाटक? सांगून टाका एकदाचं." तो म्हणाला, "काय सांगू? तुझ्या हाकेनं आले, असं सांगू?" 

सत्त्याहत्तर सालच्या श्रावणात मी त्याच्याबरोबर खडकीला गेलो होतो. अव्वा अगदी वाळून गेली होती, आम्ही दोघांनी तिला धरून पायऱ्या उतरवल्या. पाऊस चांगला झाला होता, कणीक खरी गव्हाची होती. तिने थापट्या मारल्या, हाक दिली. रामलिंगअप्पाने मुठीतले खडे सोडायला सुरुवात केली, एक, मग थांबून आणखी एक.

ती ऐकत होती. मग पाण्याकडेच तोंड ठेवून म्हणाली, "रामलिंगा, खडे जरा बारके घे. मासा एवढ्या जोरात पडत न्हाई."

रामलिंगअप्पाची मूठ तशीच वर राहिली. मी दुसरीकडे बघायला लागलो.

"कधीपासून ठाव हाय तुला?" त्याने विचारलं.

"त्याच दिशी कळलं. तुझ्या हाताला वास येत व्हता बाबा. न्हाऊन आलास तरीबी." तिने त्याचा हात चाचपून धरला, उघडला, त्यातले खडे पायरीवर काढून ठेवले. "लेकरू जगलं न्हवं आश्रुबाचं? मग झालं. तुला वाईट वाटंल म्हनून मी बोलले न्हाई."

मग तिने ओच्यातून कणकेचा गोळा काढला आणि रिकाम्या पाण्यात टाकला.